नदीकाठचं माणगें आणि आपला फणस

सुनील, बी-३०४: सुप्रभात मंडळी. सकाळी खांडेपार नदीच्या काठानं रानातून चालत होतो. वळणावर करंजाखाली मगर पसरलेली! दोन पावलं मागेच सरलो. जवळ जाऊन बघतो तर बाक. अख्ख्या ओंडक्यातून कोरलाय, शेपटी गवतात, पाठीवर बसायची जागा. पुढे आणखी दोन आहेत. फोटो टाकलाय.

शैलाकाकी, ए-१०१: मगर काय म्हणतोस, माणगें म्हण. माझं माहेर बोरीचं. पौष अमावास्येला खाजनात, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतात, चिखलाचं माणगें थापतात, पाठीवर शिंपल्यांचे खवले लावतात, पूजा करतात. त्याच्या पाठीवर बसायचं म्हणजे...

नितीन, ए-२०३: काकी, आम्ही शिमग्याच्या सुट्टीत त्याच्यावर बसून भाजीपाव खाल्ला 🙈

शैलाकाकी: तूच तो. थापलेलं नाही, पुजलेलं नाही, तर चालेल म्हणा. पण शेपटीवर पाय नको.

चारीकाका, बी-१०२: लाकूड ऐनाचं वाटतंय. आपण मट्टी म्हणतो, गोव्याचा राज्यवृक्ष. साल मगरीच्या पाठीसारखीच भेगाळते, म्हणून तशीच ठेवलेली दिसते. देखणी आहे, पण सालीखाली ओल धरते, मग भुंगे आणि वाळवी. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस. एका पावसाळ्यात सोलून पडेल.

सुनील: काका, मोठा करून बघा. दुसरा फोटो, पाठीच्या मधोमध.

चारीकाका: थांब, चष्मा घेतो.

चारीकाका: अरे! साल नाहीच ती. पटाशीचे घाव आहेत. साल काढून तशाच भेगा गाभ्यात कोरल्यात. बसायच्या जागेला उतार दिलाय, पाणी साचणार नाही. आणि पाय मातीत नाहीत, चिऱ्यावर टेकवलेत. ज्यानं केलंय त्याला दंडवत.

माधवी, सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आपला फणस पडला. त्याचा ओंडका अजून पंपरूमच्या मागे लोळतोय. दर सभेत "विकू या" आणि पुढच्या सभेत परत तेच.

नितीन: बाक करू या! वरून काजूच्या टरफलाचं तेल मारायचं, होड्यांना मारतात तसं.

चारीकाका: होडीच्या बुडाला मार, बाकाला नको. बसणाऱ्याला फोड येतील. फणसाचं बाहेरचं फिकट लाकूड एव्हाना गेलं असेल, पण आतला पिवळा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. टोकं तडकली असतील, तेवढी कापून टाकायची.

प्रभूकाका, ए-००२: मला पाठीला टेकू हवा. मगर, मासा काही नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता आलं पाहिजे, म्हणजे उंचीही बघा.

शैलाकाकी: एकाचे दोन करा. जुन्या घरांच्या सोप्यावर असतात तसे समोरासमोर. एकाच दिशेला तोंडं करून बसलं तर गजाली कशा होणार?

माधवी: खर्चाचा आकडा काका देतील, मग बोलू.

चारीकाका: आधी ओंडका बघू दे. उद्या सकाळी ७ ला येतो. त्यावर कोकमाची सोलं वाळत घातलीयत, कुणाची आहेत?

शैलाकाकी: माझी. अजून दोन उन्हं हवीत. बुधवारी ये.