तालुक्याचं वाचनालय: अभ्यासिका फुल्ल, पुस्तकं बदलायला मात्र कोणी येत नाही, काय करावं?

माणदेशी_वाचक
नमस्कार मंडळी. आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं (म्हणजे सरकारी अनुदानाच्या वर्गवारीत), तालुक्याच्या ठिकाणी, मी यंदा कार्यकारिणीवर आलोय. अभ्यासिकेत एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत असतात, जागा पुरत नाही. पण पुस्तक बदलायला येणारे म्हणजे पेन्शनर मंडळी आणि थोडे शिक्षक, बायका जवळजवळ नाहीतच. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आम्ही करतो, हार होतो भाषण होतं फोटो होतो, पण त्यातनं सभासद काही वाढत नाहीत आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुस्तकं खरंच चांगली आहेत. अनुदान हप्त्यांनी येतं, त्यातलं बरंचसं पगारात जातं, तेव्हा कमी खर्चाचं सुचवा. ज्यांच्याकडे प्रत्यक्ष लोक येतात त्यांनी प्लीज सांगा.

कोकणातली_ग्रंथपाल
आधी तुमची वेळ बघा दादा. बहुतेक वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात आणि दुपारी बंद, आणि घरातल्या बाईला मोकळा वेळ मिळतो तो नेमका दुपारी, संध्याकाळी ती स्वयंपाकात असते. आम्ही आठवड्यातले दोन दिवस दुपारी उघडायला लागलो तेव्हा ज्या बायका आल्या त्यातल्या कितीतरी जणी आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढत होत्या. दुसरं म्हणजे बचत गटाच्या मिटिंगला पिशवीभर पुस्तकं घेऊन स्वतः जा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम 2009 पासून चालू आहे, शंभर पुस्तकांची पेटी एका गटाकडे ठेवायची आणि काही महिन्यांनी पेट्या आपसात फिरवायच्या, म्हणजे नवीन खरेदी न करता वाचायला नवीन मिळतं. तुम्ही पंचवीस पुस्तकांनी सुरू करा. आणि दिवाळी अंक योजना करताय ना? थोडी वर्गणी घ्यायची आणि सगळे अंक आळीपाळीने वाचायला द्यायचे, त्यात जे येतात त्यातले बरेच पुढे वर्षाचे सभासद होतात, आमचा तरी तोच अनुभव.

भरतीवाला_पोरगा
मी तुमच्यासारख्याच एका अभ्यासिकेत बसतो म्हणून बोलतो. आम्ही पुस्तक घेत नाही म्हणून सगळे नाराज असतात पण आमच्याकडे कोणी कधी पुस्तक घेऊन आलंच नाही, कपाटं आतल्या खोलीत आणि कुलूप लावलेली. एक उघडं रॅक अभ्यासिकेच्या दारात ठेवा, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, कथासंग्रह, पोरं जेवायच्या सुट्टीत हात लावतातच. आणि आमचा उपयोग करून घ्या ना, रविवारी तासभर दहावीच्या मुलांना गणित शिकवायला किंवा म्हाताऱ्या माणसांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला आम्ही तयार असतो, फक्त कोणीतरी विचारायला पाहिजे. मुलींसाठी एक गोष्ट मात्र नक्की करा, स्वच्छ टॉयलेट आणि बाहेर लाइट. त्याच्याशिवाय मुली अंधार पडायच्या आत निघून जातात, मग कितीही कार्यक्रम करा.

निवृत्त_गुरुजी
फॉर्म भरण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ते काम सेतू केंद्रात होतं, वाचनालयाने पुस्तक सोडून बाकी सगळं करू नये, नाहीतर एक दिवस नुसती अभ्यासिका उरेल. टॉयलेट आणि लाइटचं मात्र शंभर टक्के खरं. मी सुचवेन शनिवारची सकाळची शाळा सुटली की मुलांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची, अर्धा तास, आणि गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुस्तक तिथेच ठेवायचं, मुलं पुढचं वाचायला स्वतः मागून घेतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय. बालविभागाला पुस्तकं कमी असतील तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून मिळतात, जिल्हा ग्रंथालय कार्यालयात चौकशी करा. आणि ज्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही अशा जुन्या सभासदांना पुस्तक घरी पोचवा, अभ्यासिकेतलीच पोरं सायकलवर नेऊन देतील.

माणदेशी_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. रॅकचं उद्याच करतो, त्याला ठराव लागत नाही. दुपारच्या वेळेचा विषय पुढच्या मिटिंगला मांडतो, शिपाई एकच आहे त्यामुळे सुट्टीची अडचण येईल पण बघू. ताई, बचत गटाला पुस्तकं दिली तर नोंद कोणाच्या नावावर करायची? हरवलं तर?

कोकणातली_ग्रंथपाल
गटाच्या अध्यक्षांना सभासद करून घ्या, अनामत एकदाच, आणि पेटीत एक वही ठेवा, कोणी काय नेलं ते बायका स्वतःच लिहितात. देवघेव रजिस्टरला पेटीची वेगळी पानं ठेवा म्हणजे तपासणीच्या वेळी गोंधळ होत नाही. हरवतात थोडी, पण आमच्याकडे पुस्तकं हरवण्यापेक्षा वाचून वाचून फाटण्याचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे बाइंडिंगचा खर्च बजेटमध्ये धरा.