मदत हवी आहे: वेग वाढला की फिश फायंडरवरचा खोलीचा आकडा अडकतो

नमस्कार मंडळी,

बोट फायबरची, मागे एकच आउटबोर्ड इंजिन. फिश फायंडरचा (ध्वनीने खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी पकडणारा भाग, ५०/२०० किलोहर्ट्झचा असून मागच्या फळीवर बाहेरून बसवलेला आहे. बोट थांबलेली किंवा सावकाश चालत असेल तर खोली बरोबर दाखवतो. वजन बांधलेली दोरी सोडून ते ताडून पाहिलं आहे. पण वेग वाढवला की तळाची रेघ आधी तुटक होते, मग नाहीशीच होते आणि खोलीचा आकडा लुकलुकत तिथेच थांबतो.

मला हा थांबलेला आकडाच सगळ्यात घातक वाटतो. पडदा कोरा झाला असता तर निदान लगेच कळलं असतं. इथे शेवटची मिळालेली खोली तशीच दिसत राहते. पडद्यावर सहा मीटर आणि बोटीखाली एव्हाना वर आलेला खडक, असं होऊ शकतं. बोटीत घरची माणसं असतात, त्यामुळे मासे दिसोत न दिसोत, खोली खरी कळायलाच हवी.

आतापर्यंत तपासलेलं सांगतो. प्लगच्या पिना स्वच्छ आहेत, हिरवा गंज नाही. इंजिन चालू असताना यंत्राच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजलं, १३ च्या वर आहे आणि वेग वाढवल्यावर पडत नाही. ट्रान्सड्यूसरवरचं शेवाळ मऊ कापडाने पुसून काढलं. सिम्युलेटरवर (यंत्र स्वतःच नकली चित्र दाखवतं तेव्हा) पडदा व्यवस्थित चालतो. पाण्याचं तापमानही वेगात नीट दिसतं, पण त्याच्या तारा वेगळ्या असतात, म्हणून त्यावरून खोलीची तार शाबूत आहे असं धरलेलं नाही.

आणखी एक. इंजिन सुरू केलं की पडद्यावर बारीक उभ्या रेघा येतात, आरपीएमबरोबर वाढतात. ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या तारांच्याच जुडग्यातून गेली आहे. हे दुखणं एकच की दोन?

प्रतिसाद १

दोन असावीत. आधी वेगळी करून घ्या. बोट घट्ट बांधा, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून आरपीएम वाढवा. रेघा आल्या आणि तळ मात्र टिकला, तर रेघा तारांमधून येताहेत. केबल जुडग्यातून सोडवून दुसऱ्या बाजूने न्या. यंत्राला फ्यूज घालून थेट बॅटरीवरून वीज द्या. वेगळ्या बॅटरीवर लावून पाहिलंत तर शंकाच उरणार नाही. जास्तीची केबल कापू नका.

तळ हरवतो तो बहुधा हवेमुळे. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, पण ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी बुडबुड्यांचा पडदा आला की तिथूनच परततो, तळापर्यंत पोचतच नाही. बोटीच्या तळाला ट्रान्सड्यूसरच्या रेषेत पुढे काय आहे ते बघा. उभार पट्टी, स्क्रूचं डोकं, पाणी आत घेणारं भोक, यांच्या मागे बुडबुड्यांची माळ लागते. ट्रान्सड्यूसर इंजिनाच्या पंख्यापासून हातभर तरी लांब असावा. पंखा मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू बरी, कारण त्या बाजूला पाती खाली जातात. ट्रान्सड्यूसरचं तोंड बोटीच्या तळाच्या पातळीपेक्षा तीनेक मिलिमीटर खाली असू द्या. फार खाली गेलं तर तेच पाणी उडवू लागतं. फळीला नवी भोकं पाडायच्या आधी पट्टीवर तात्पुरता बांधून वेगात चालवून पाहा. जुनी भोकं सीलंटने नीट बुजवा, नाहीतर फळीत पाणी मुरेल.

तोवर उथळ पाण्यात ५० किलोहर्ट्झ बंद करून फक्त २०० ठेवा. इंजिनाच्या आवाजाचा त्रास त्यावर कमी होतो. आणि आकडा लुकलुकला की लगेच वेग कमी करा, थांबलेल्या आकड्यावर बोट पुढे नेऊ नका.

धागाकर्ता

आभारी आहे. ट्रान्सड्यूसरच्या रेषेत पुढे खरंच एक उभार पट्टी आहे, आधी ती बाजू बदलून बघतो. बोटीच्या आतून, तळाला चिकटवला तर चालेल का?

प्रतिसाद २

तळ भरीव फायबरचा असेल तरच. आत फोम किंवा लाकडाचा थर असला तर ध्वनी तिथेच जिरतो. शिवाय आतून पाण्याचं तापमान कळणार नाही आणि खोल पाण्यात पल्ला थोडा घटेल. चिकटवण्याआधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवा, तळाचा आतला भागही ओला करा आणि पिशवी दाबून धरून जागा बदलत वेगात चालवा. जिथे तळाची रेघ तुटणार नाही तिथे खूण करा. इपॉक्सी ओतताना एकही बुडबुडा राहू देऊ नका, आतला बुडबुडाही बाहेरच्यासारखाच आवाज अडवतो.