पतसंस्थेचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचंय, १५-२० वर्षं टिकेल अशी भाषा कोणती?

खतावणी:
ठेवी, कर्ज आणि व्याजाचा सगळा हिशेब व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच थांबवला. आता पायथन, जावा की गो? सांभाळणारा माणूस एकच. मशीन विंडोजची, काहींवर अजून विंडोज ७ आहे.

धागादोरा:
लोकप्रियता बाजूला ठेवा. जुना कोड नव्या आवृत्तीत जसाच्या तसा चालतो का, ते बघा. गोने २०१२ मध्ये १.० काढताना तसं लेखी वचन दिलं आणि ते बऱ्यापैकी पाळलंय. १.२२ मध्ये फॉर लूपच्या (तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडच्या) व्हेरिएबलचं वागणं बदललं, पण मॉड्यूलच्या go.mod फाइलमध्ये तुम्ही स्वतः आवृत्ती वाढवली तरच.

पायथन २ वरून ३ वर जाताना प्रिंटच्या ओळी निदान एरर तरी देत होत्या. भागाकार गुपचूप बदलला: ३/२ चं उत्तर १ होतं ते १.५ झालं. व्याजाच्या हिशेबात असली चूक ऑडिटलाच सापडते. पायथन आजही दर आवृत्तीला ५ वर्षंच सांभाळतं.

गो घेतलंत तर बाहेरच्या लायब्ररी व्हेंडर करून, म्हणजे त्यांची प्रत काढून, तुमच्या कोडच्या रिपॉझिटरीतच ठेवा. आणि १.२१ पासून विंडोज ७, ८ वर गो चालत नाही, तेव्हा ती मशीन आधी बदला.

नांगरट:
पण उद्या हा माणूस सोडून गेला तर? तालुक्याच्या गावी जावावाला मिळतो, गोवाला शोधावा लागतो. माझं मत जावालाच. जावा ८ ची जार (कंपाइल केलेल्या प्रोग्रामची फाइल) २१ वर बहुतेकदा चालते. अडते ती जेएएक्सबी या एक्सएमएल वाचायच्या लायब्ररीपाशी, कारण ११ पासून ती जेडीकेत (जावाच्या मूळ संचात) नाही. कंपाइल केलेली जुनी जार सुरू होते आणि एक्सएमएल वाचायला गेली की क्लास सापडत नाही म्हणून पडते. ती लायब्ररी वेगळी जोडली की भागतं.

रकमेसाठी बिगडेसिमल हा अचूक दशांश प्रकार जावाच्या घरचाच आहे. मात्र त्याला ०.१ हा डबल (अंदाजे साठवलेला दशांश) म्हणून देऊ नका, दशांशाच्या १८व्या स्थानापासून ५५५ असा कचरा शिरतो. स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून द्या. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत असा दशांश प्रकार नाही, तिथे रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकातच ठेवावी लागेल.

धागादोरा:
माणसाचा मुद्दा मान्य. जावा घ्याल तर फ्रेमवर्क (प्रोग्रामचे तयार सांगाडे) मात्र कमीत कमी. भाषा टिकते, फ्रेमवर्कच्या मोठ्या आवृत्त्या कोड बदलायला लावतात.

शाईदौत:
भाषा कुठलीही घ्या, डेटा आधी सोडवा. फॉक्सप्रोला युनिकोड येत नाही, त्यामुळे सभासदांची मराठी नावं बहुधा जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये असतील. तिथे अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. नुसतं एकास एक बदललंत तर दिलीपचा ‘िदलीप’ आणि कुलकर्णींचं ‘कुलकणीर्’ होईल. क्रम लावणारा कन्व्हर्टर लिहा, जोडाक्षरं आणि रफार असलेली नावं वेगळी काढून डोळ्यांनी तपासा. मग डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये घाला. त्याचे कर्ते २०५० पर्यंत सपोर्ट द्यायचा मानस जाहीरपणे सांगतात. व्याजदर कोडमध्ये लिहू नका, लागू तारखेसह टेबलात ठेवा. फॉक्सप्रोच्या मूळ डीबीएफ (डेटाच्या) फाइली आणि तो फॉन्ट, दोन्ही जपून ठेवा. फॉन्ट नसेल तर जुन्या नोंदी पुन्हा पडताळता येणार नाहीत.