पाकिस्तानी कलाकारांवरच्या बंदीनं नेमकं काय साधतं?

सीताबर्डीकर
२०१५ मध्ये मुंबईत पाकिस्तानी गझलगायक गुलाम अलींचा कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधामुळे रद्द झाला, तोही जगजीत सिंगांच्या आठवणीत ठेवलेला, अन् त्याच वर्षी वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात त्याच माणसाचं गाणं झालं होतं. माझं मत सरळ आहे, सरकारवरचा राग गवयावर काढू नये. आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते गायक वसंतराव देशपांडे मारवा राग शिकले लाहोरात, असद अली खाँसाहेबांकडं. आज असा शिष्य जाईल का तिकडं?

महालवाला
फाळणीआधीची गोष्ट आज कशी चालेल राजेहो? २०१६ ला उरी झालं, २०१९ ला पुलवामात ४० जवान गेले, अन् आपण त्याच आठवड्यात तिकडच्या गायकाला टाळ्या वाजवायच्या? चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेनं तेव्हा बंदी घातली ती लोकांच्या मनातलीच होती. अन् अमजद साबरींना कराचीत २०१६ मध्ये गोळ्या घातल्या त्यांच्याच लोकांनी, आधी त्यांनी आपला कव्वाल सांभाळावा.

सीताबर्डीकर
अहो त्या खुनाची जबाबदारी तालिबानच्या एका गटानं घेतली, ज्यांना गाणंच नको आहे. अन् आपल्याकडं १९६९ च्या अहमदाबाद दंगलीत रसूलनबाईंचं घर जाळलं, ठुमरी गाणारी बनारसची बाई, तिचा कोणत्या सीमेशी संबंध होता?

ढोलकीवाला नागपूर
तुम्ही दोघंही मोठ्या नावांवरच भांडून राह्यले. मागच्या वर्षी, म्हणजे १७ मार्च २०२५ ला नागपुरात महाल भागात दंगल झाली, तहसील, गणेशपेठकडं कर्फ्यू लागला, तेव्हा १४ एप्रिलच्या भीमगीतांची प्रॅक्टिस सुरू होती आमची, अन् ढोलक वाजवणारा पोरगा मोमिनपुऱ्याच्या मुस्लिम वस्तीतला, तो घराबाहेरच निघू शकत नव्हता. कर्फ्यू उठल्यावर एका आयोजकानं फोन करून विचारलं, दुसरा कोणी नाही का वाजवणारा? त्याचा हात गेली कित्येक वर्षं आमच्या गाण्यात आहे हो. कार्यक्रमाची सुपारी गेली की त्याच्या घरी त्या महिन्याचं भाडं अडकतं, गुलाम अलींचं तसं होत नाही.

महालवाला
त्या पोराबद्दल वाईट वाटलं, खरंच, तो आपला आहे, त्याला कोणी हात लावू नये. पण आयोजकाचाही विचार करा, उद्या स्टेजवर दगड आला तर साउंडवाल्याची भरपाई कोण देणार?

ढोलकीवाला नागपूर
पोलिसांनी बंदोबस्त द्यावा अन् धमकी देणाऱ्यावर गुन्हा टाकावा. दगड मारतो कोणी अन् बसवून ठेवता ढोलकवाल्याला, हे काऊन?