आईला घेऊन टर्कीला जायचं आहे, भाषा आणि शाकाहारी जेवण कसं जमवायचं?

सक्करदऱ्याची लेक
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आईला घेऊन टर्कीला जायचा विचार करून राहिले. आधी इस्तंबूल, मग कॅपाडोशिया. ग्रुप टूर नाही, आम्ही दोघीच. आई आजवर पचमढी, शेगाव आणि एकदा तिरुपती, याच्यापलीकडे गेलेली नाही. तिला तिथल्या हवेत उडणाऱ्या बलूनमध्ये बसण्यात वगैरे काही इंटरेस्ट नाही, तिथल्या बायका घरात काय रांधतात ते पाहायचं आहे म्हणते. ती पक्की शाकाहारी आहे, अंडंही नाही, आणि मराठी-हिंदी सोडून काही येत नाही. माझ्याकडे ट्रान्सलेटचं अ‍ॅप आहे, पण दर वेळी मध्ये फोन धरला की तिचं बोलणं माझ्यापाशीच अडकते. तिला स्वतःला कोणाशी दोन शब्द बोलता यावे असं मनापासून वाटते. कोणी गेलं असेल तर सांगा नं.

इतवारीवाला
ताई, नक्की न्या. मी आणि बायको मागच्या वर्षी जाऊन आलो, आणि पहिल्याच दिवशी कळलं की आपल्याला अर्धे शब्द आधीच येतात. दुकानाला द्युक्कान, साबणाला साबुन, दुनियेला द्युन्या, चहाला चाय. जेवण झाल्यावर बिल मागायचं तर 'हेसाप' म्हणायचं, म्हणजे आपला हिशेब! फारसी-अरबी शब्द इकडे मराठीत आले तसेच तिकडे तुर्कीत गेले. पाट्या रोमन लिपीत आहेत (1928 मध्ये त्यांनी अरबी लिपी सोडली), फक्त 'सी' दिसला तर ज वाचायचा आणि सीच्या खाली शेपटी असली तर च, एसच्या खाली शेपटी असली तर श.

आईंसाठी एकच जागा सांगतो, जिथे ग्योझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी) करतात तिथे बसवा. आम्ही कॅपाडोशियाकडे रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी थांबलो होतो, एक आजी जमिनीवर बसून गोल बुटक्या पाटावर कणकेचा गोळा लाटत होत्या, लाटणं म्हणजे काठीसारखं बारीक आणि हातभर लांब, पोळी त्या लाटण्याला गुंडाळायची आणि परत उलगडायची, प्रत्येक वेळी अजून पातळ. मग आत पालक नाहीतर आलू भरून फुगीर तव्यावर टाकायची. आपल्याकडे उपड्या मडक्यावर लंबी रोटी टाकतात नं, बायकोला तेच आठवलं आणि तिने हातानेच करून दाखवलं. आजींनी लाटणं सरळ तिच्या हातात दिलं! पोळी फाटली, आजींनी चिमटीने जोडली आणि तीच आम्हाला खायला दिली. बायको निघताना 'एल्लेरिनिझे साअलिक' म्हणाली, म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो, रांधणाऱ्याला असंच म्हणतात तिथे. आजींनी तिचा गालगुच्चा घेतला. आईंना एवढं एक वाक्य तरी पाठ करून द्या.

गोकुळपेठची काकू
बाळा, जेवणाचं मी सांगते. मसूर डाळीचं सूप सगळीकडे मिळते, मेर्जिमेक म्हणतात, लिंबू पिळून खायचं, अगदी वरणच वाटते. पण कधी कधी ते मटणाच्या पाण्यात शिजवतात. मी एका हॉटेलात न विचारता अर्धी वाटी संपवली आणि मग कळलं, खूप वाईट वाटलं. म्हणून आधीच विचारायचं, 'एत सुयु' आहे का? एत म्हणजे मांस, एत्सिझ म्हणजे मांसाशिवाय. तसंच अंड्याशिवाय म्हणजे युमुर्तासिझ. शेवटचा 'सिझ' लक्षात ठेवला की बरंच काम होते.

दोलमा म्हणजे आपल्या भरल्या ढोबळीसारखंच, पण खिमा भरलेलाही असतो, तेव्हा 'झेतिनयाअलि' मागायचं, तो ऑलिव्ह तेलातला, भात भरलेला, थंडच वाढतात. आणि शेअरिंगच्या मिनीबसला दोलमुश म्हणतात, तेही त्याच 'भरणे'वरून, गाडी भरली की सुटते. आपल्या नागपूरच्या बर्डीच्या ऑटोसारखंच!

रामदासपेठ_22
टर्की नाही गेलो पण स्पेनमध्ये सेव्हिलला होतो. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याची झाडं, फळं खाली पडलेली, आपल्या नागपूरच्या माणसाला ते पाहवत नाही. एक सोलून खाल्लं तर कडू जहर, ती जात मार्मालेडचीच आहे. पण स्पॅनिशमध्ये संत्र्याला नारांखा म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत नारंगपासून फारसी-अरबीतून फिरत तिकडे गेलाय, आपण ज्याला नारिंगी रंग म्हणतो तोच. फळवालीला मी 'नारिंगी' म्हणून पाहिलं, तिला बरोबर समजलं.

सक्करदऱ्याची लेक
सगळ्यांना खूप थँक्यू. आईला वाचून दाखवलं, 'एत्सिझ' आणि 'एल्लेरिनिझे साअलिक' तिने किराण्याच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. ती विचारून राहिली, त्या ग्योझलेमेच्या आजींना आपण काही नेऊन द्यावं का? तिळाची चटणी करून न्यायचं म्हणते. काकू, तिकडे कोथिंबिरीला, म्हणजे आपल्या सांबाराला, काय म्हणतात ते पण सांगा नं, आईला तो लागतोच.