मदत हवी आहे: पोलिसांची निवृत्त एक्सप्लोरर घ्यावी का? (फ्लोरिडा)

दुपारची_झोप

नमस्कार मंडळी,

गाड्यांचे जुने धागे चाळले, पण या विषयावर कुणी लिहिलेलं सापडलं नाही म्हणून नवीन काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर अ‍ॅडमिननी तिकडे हलवावा.

आम्ही फ्लोरिडात, टँपाजवळ राहतो. घरात एक सिडान आहे, ती बायको ऑफिसला नेते. आता दुसरी गाडी हवीच आहे. दोन लहान मुलं, त्यांच्या सीटा, आणि पुढच्या हिवाळ्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी येताहेत. बजेट सगळं धरून सात हजार डॉलर. या पैशांत डीलरकडे ज्या एसयूव्ही दिसतात त्या एकतर दीड-पावणेदोन लाख मैल पळालेल्या, नाहीतर अपघातातून उठलेल्या.

ऑफिसातल्या एकाने सरकारी लिलाव बघायला सांगितलं. झालं, तेव्हापासून रात्रीची भांडी आटोपली की मी गव्हडील्स ही सरकारी लिलावाची साइट उघडून बसतो. शेजारच्या काउंटीतल्या शेरीफ खात्याची २०१७ ची फोर्ड पोलिस इंटरसेप्टर युटिलिटी निघाली आहे. म्हणजे एक्सप्लोररच, पोलिसी अवतारातली. ३.७ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ऑल व्हील ड्राइव्ह, पांढरी, मीटरवर फक्त ७८,००० मैल. बोली अजून साडेतीन हजारांवर आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी बंद होते.

फोटोत जे दिसतं ते असं: दारावरची अक्षरं सोलून काढलीत, पण आजूबाजूचा रंग उन्हाने विटलाय आणि अक्षरांखालचा तसाच राहिलाय. त्यामुळे तिरक्या उजेडातल्या फोटोत ‘शेरीफ’ सरळ वाचता येतं. टपावर दिव्यांची पट्टी होती तिथे रबराची बुचं बसवलीत. ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर सर्चलाइट अजून आहे. पुढे तो धक्के मारायचा लोखंडी बंपर. मधली जाळी काढली आहे, मागची सीट मात्र कडक काळ्या प्लास्टिकची, धुऊन काढता येईल अशी.

माझ्या मनात तीन शंका. पहिली, ७८,००० मैल हा आकडा खरा धरायचा का? दुसरी, ही गाडी साध्या माणसाने चालवणं कायद्याने ठीक आहे का? आम्ही एच-वन व्हिसावर आहोत, उगाच पोलिसांच्या नजरेत भरायची हौस नाही. आणि तिसरी घरची. बायको म्हणते, हळदीकुंकवाला कुणाला आणलं तर त्यांना सोडवायला दरवेळी मी उतरून मागचं दार उघडायचं का? आतून ते उघडतच नाही म्हणे.

कुणी अशी गाडी वापरली असेल तर प्लीज सांगा.

तिरकस

घ्या बिनधास्त. हायवेवर डावी लेन आपोआप मोकळी होईल. फक्त समोरचे सगळे एकदम पंचावन्नवर आले की तुम्हालाही पंचावन्ननेच जावं लागेल, हे वहिनींना आधी सांगून ठेवा.

वंगण

तिरकस चेष्टा करताहेत पण ते खरंच होतं.

आता कामाचं. पोलिसी गाडीचे मैल बघायचे नाहीत, तास बघायचे. ही गाडी आठ-आठ तास रस्त्याकडेला उभी असते आणि इंजिन चालूच. आत लॅपटॉप, रेडिओ, दिवे, आणि तुमच्या फ्लोरिडात तर एसी कधी बंदच होत नाही. ओडोमीटर तेवढ्यात एक मैलही हलत नाही, इंजिन मात्र झिजत असतं. फोर्डचा स्वतःचा ठोकताळा असा की उभ्या गाडीत इंजिन एक तास चाललं तर ते साधारण ३३ मैल पळाल्यासारखं धरायचं.

या इंटरसेप्टरमध्ये मीटरच्या मेन्यूत दोन आकडे वेगळे दिसतात: इंजिनाचे एकूण तास, आणि त्यातले उभ्या गाडीतले म्हणजे आयडलचे तास. जाहिरातीत नसतील तर खात्याच्या फ्लीटवाल्याला ई-मेल टाका, बहुतेक जण सांगतात. नाही सांगितलं तर तेही उत्तरच आहे.

दुसरं, या ३.७ ला एक वाईट खोड आहे. वॉटर पंप इंजिनाच्या आत, टायमिंग चेनवर (इंजिनातल्या साखळीवर) चालतो. बेल्टवरच्या साध्या पंपासारखा बाहेर नाही. तो गळायला लागला की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आधी एका छोट्या भोकातून अल्टरनेटरच्या मागे बाहेर येतं. तेव्हा लक्षात आलं तर ठीक. नाही आलं तर कूलंट ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिनच जातं. बदलायचा तर टायमिंग कव्हर उघडावं लागतं, त्यामुळे पंप शंभर-दोनशेचा आणि मजुरी हजारांत. बघायला गेलात तर टॉर्च घेऊन अल्टरनेटरच्या आसपास वाळलेले पांढरट-केशरी ओघळ शोधा. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय आहे का पाहा.

तिसरं, भोकं. ही शंका तुम्ही विचारली नाहीत पण विचारायला हवी होती. पोलिसी सामान बसवताना टपाला, मागच्या दाराला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भोकं पाडतात आणि काढताना बुचं मारतात. पाणी शिरतं ते एक वेळ कळतं. पण मागच्या भागातली भोकं नीट बुजवली नसतील तर एक्झॉस्टचा धूर आत येतो. २०१७ च्या जुलैत ऑस्टिनच्या पोलिसांनी याच मॉडेलच्या चारशेच्या आसपास गाड्या कार्बन मोनॉक्साइडच्या तक्रारीवरून एकदम उभ्या केल्या होत्या. फोर्डचं म्हणणं पडलं की नंतर पाडलेली भोकं नीट सील झाली नव्हती, आणि पोलिसी गाड्या तपासून दुरुस्त करून द्यायची तयारी त्यांनी दाखवली. तुम्ही घेणार असाल तर मागच्या ट्रिमचे पॅनेल काढून प्रत्येक भोक सील करा, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिले काही आठवडे आत ठेवा. मुलं मागे बसणार आहेत.

वायरिंगबद्दल नंतर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

कागदोपत्री

कायद्याचं मी सांगतो, मीही फ्लोरिडातच आहे.

गाडी पोलिसांची *होती* यात बेकायदेशीर काही नाही. फ्लोरिडात टॅक्सी किंवा पोलिस म्हणून वापरलेल्या गाडीच्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) तसा शिक्का असतो, तो असायलाच हवा. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हाही तो शिक्का भाव पाडणार, हे आत्ताच बोलीत धरा.

दिवे मात्र अजिबात नकोत. निळा दिवा इथे फक्त पोलिसांचा. ग्रिलच्या मागे किंवा मागच्या काचेत एखादा लहानसा निळा-लाल दिवा राहून गेलेला असतो, तो चालत नसला तरी काढून टाका. सायरनचा स्पीकर बंपरमागे असेल तर तोही. रंगाचंही आहे: हायवे पेट्रोलचा (राज्याच्या महामार्ग पोलिसांचा) काळा-टॅन रंग दुसऱ्या कुणी गाडीला देणं इथे गुन्हा आहे. तुमची पांढरी आहे, तिथे प्रश्न नाही. कॅलिफोर्नियात तर पोलिसांच्या गाडीसारखी रंगवलेली गाडी बाळगण्यावरच बंदी आहे, म्हणून तिथून कुणी वाचत असेल तर आपल्या राज्याचं बघा.

ती अक्षरांची सावली मी अजिबात ठेवली नसती. पोलिस असल्याची बतावणी करणं फ्लोरिडात थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. नुसती गाडी चालवली म्हणून ते लागत नाही, पण दारावर ‘शेरीफ’ वाचता येतंय, पुढे बंपर आहे, सर्चलाइट आहे, आणि पार्किंगमध्ये कुणाशी तरी वाजलं, तर समोरचा काय सांगेल याचा भरवसा नाही. तुमच्या व्हिसावर मी तरी ती जोखीम घेतली नसती. पॉलिशिंगने सावली बऱ्यापैकी जाते. नाही गेली तर दोन दारं रंगवून घ्या.

इन्शुरन्सला बोली लावायच्या *आधी* फोन करा. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन विचारा. काही कंपन्या पोलिसी मॉडेल म्हटलं की आढेवेढे घेतात.

आणि लिलावाचा हिशोब: बोलीवर खरेदीदाराचं कमिशन, वर सहा टक्के सेल्स टॅक्स आणि काउंटीचा असेल तो. पैसे काही दिवसांतच वायरने. गाडी आहे तशी, परत घेत नाहीत. बहुतेक ठिकाणी चालवूनही बघू देत नाहीत, फार तर चालू करून दाखवतात.

अवलीबाई

आमच्याकडे ओहायोत असताना पोलिसांची जुनी क्राउन व्हिक (फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया सिडान) होती, नवऱ्याची हौस. ती गाडी आता जुनी झाली (फोर्डने २०११ मध्येच बंद केली), पण मागच्या सीटचं दुखणं तेच, म्हणून लिहिते.

वहिनी बरोबर बोलताहेत. मागची दारं आतून उघडत नाहीत, आणि हा नेहमीचा चाइल्ड लॉक नव्हे. कडेची कळ फिरवून तो निघत नाही. आतलं हँडल एकतर काढलेलं असतं किंवा त्याची केबल सोडवलेली असते. आमच्याकडे दाराचं पॅनेल उघडून जोडून घेतलं. कठीण नाही, पण ते होईपर्यंत मागे कुणालाही बसवू नका, अपघात झाला तर बाहेरून कुणीतरी उघडेपर्यंत आत अडकतील.

पण मुलांसाठी खरी अडचण प्लास्टिकची सीट आहे. त्या साच्यात मुलांच्या सीटचे खालचे हुक अडकवायला जागा नसते, आणि गुळगुळीत उतारावर बेल्टने सीट घट्ट बसतही नाही. साध्या एक्सप्लोररची मागची सीट भंगारवाल्याकडून आणून बसवावी लागेल. बोल्ट आणि बकल जुळतात का ते आधी विचारा. सासूबाईंना उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर बसवून बघा, मग घरात काय होतं ते कळवा :)

चालवायला मात्र दणकट गाडी. खड्डा, ब्रेक, काही जाणवत नाही. पेट्रोल पिते, एवढंच.

वंगण

हं, वायरिंग. बॉनेट उघडलंत की बॅटरीपासून निघालेली अंगठ्याएवढी जाड लाल केबल दिसेल. ती आत केबिनमधल्या फ्यूजबॉक्सला जायची. सामान काढणाऱ्याने ती बऱ्याचदा मध्येच कापून टोकाला काळी टेप गुंडाळलेली असते. बॅटरीच्या बाजूने ती अजून जिवंत असते. टेप सुटली आणि टोक पत्र्याला लागलं तर आग. घरी आणल्यावर पहिलं काम ते: बॅटरीकडूनच काढून टाकायची. बाकी सुटलेल्या वायरींमुळे दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, तेव्हा बघायला जाताना जंप स्टार्टर न्या. ओबीडी स्कॅनरही (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा).

सर्चलाइट काढू नका एकदम. तो काढला की खांबात आरपार भोक राहतं आणि त्यातून पाणी डॅशबोर्डखाली जातं. त्याला झाकण मिळतं, ते हातात आल्यावरच काढा.

दुपारची_झोप

सगळ्यांचे खूप आभार. आज दुपारी जाऊन बघून आलो.

मीटरवर एकूण तास ६,२००, त्यातले आयडलचे ३,९००. वंगण यांच्या हिशोबाने ३,९०० गुणिले ३३ म्हणजे १,२८,७००, त्यात ७८,००० मिळवले की २,०६,७०० मैल. डीलरकडच्या ज्या गाड्यांना मी नाकं मुरडत होतो त्यांच्याही पुढे गेली ही.

अल्टरनेटरच्या खाली टॉर्च मारली तर ओघळ आहे. वाळलेला, केशरीसर, बोटाने खरवडला की भुकटी होते. ऑइलच्या झाकणात साय नव्हती. तिथल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, आम्ही फक्त विकतो. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला पाच भोकं, त्यातल्या दोनांना नुसती टेप.

मी बोली लावत नाहीये. पण आवारात अजून एक उभी होती, पुढच्या आठवड्यात निघणार आहे. राखाडी, २०१६ ची, साधी चाकं, मागे कापडी सीट, टपाला भोक नाही. मैल १,१२,०००. बॅटरी मेलेली, त्यामुळे तास दिसले नाहीत. ही काय भानगड?

वंगण

डिटेक्टिव्ह किंवा साहेबाची गाडी असणार. अशा गाड्या घर-ऑफिस पळतात, रस्त्याकडेला रात्र काढत नाहीत. मैल जास्त आणि तास कमी, हेच तुम्हाला हवंय. मलाही पहिल्या गाडीपेक्षा हीच बरी वाटते.

व्हीआयएनचं पाचवं ते सातवं अक्षर बघा. ‘के-८-ए’ असेल तर पोलिसी इंटरसेप्टर. दुसरं काही असेल तर साधी एक्सप्लोररच खात्याने वापरलेली आहे, मग मीटरमध्ये तास मिळतीलच असं नाही. टायटलवर शिक्का दोन्हीला येईल. तास ई-मेलवर मागवा आणि आले की इथे टाका.

पंप मात्र दोन्हींत तोच. चांगली निघाली तरी त्याचे दोन हजार बाजूला ठेवूनच बोली लावा.

दुपारची_झोप

के-८-ए आहे. तासांसाठी ई-मेल पाठवली. बायकोला कापडी सीटचा फोटो दाखवला, ती म्हणाली दार आतून उघडतं का ते आधी विचार. तेही विचारलंय.