चर्चा: दीड हजारांवर घर चालवणारीला काटकसर शिकवायची?

भोरकर: पुण्याहून आलेल्या एका संस्थेनं आमच्या गावातल्या बचत गटाला आर्थिक साक्षरतेचं प्रशिक्षण दिलं. फळ्यावर दोन रकाने, 'गरज' आणि 'चैन'. चहापत्ती कशात धरायची यावरच अर्धा तास गेला. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण सुरू झाली, महिन्याला १,५०० येतात. त्यात किराणा, गॅस, पोरांच्या वह्या बसवणाऱ्या, वर भिशी चालवणाऱ्या बायका या. असली प्रशिक्षणं बंद करा आणि त्या पैशात गावात बँकेचा माणूस बसवा.

कोथरूडचे काका: फुकटचा पैसा साड्या आणि रिचार्जमध्येच जातो. शिस्त लावायलाच हवी.

भोरकर: काका, तुमचा महागाई भत्ता वाढतो तेव्हा आम्ही हिशेब मागतो का?

मावळची सून: काटकसरीचं पटलं. पण पासबुक वाचायला तरी शिकवा! आमच्या चुलत दिरांच्या खात्यातून दरवर्षी ४३६ आणि २० रुपये कटायचे. घरात सगळे म्हणायचे, बँकवाले खातात. ४३६ म्हणजे जीवन ज्योती हा आयुर्विमा, २० म्हणजे अपघाताचा सुरक्षा विमा. ते आजारपणात गेले, नंतर मी सहज पासबुक चाळलं म्हणून जाऊबाईंना जीवन ज्योतीचे दोन लाख मिळाले. नाहीतर गेलेच होते.

हिशेबनीस: खरी मेख व्याजात आहे. दारात येऊन कर्ज देणारा म्हणतो 'महिन्याला शेकडा दोन'. १०,००० घेतले, वर्षभर महिन्याला साधारण १,०३३ भरले. वाटतं २४ टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर! खरा दर चाळीसच्या वर जातो. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, असं छोटं कर्ज देताना घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. किती जणींना ठाऊक आहे?

भोरकर: ठाऊक असून करणार काय? एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्यांना भरावा लागतो. नियम दाखवणारीला पुढचं कर्ज कोण देणार? शाळेचा खर्च तर जूनमध्येच येतो.

मावळची सून: दादा, कर्ज घेऊच नका असं कुणी म्हणत नाही. बचत गटाला बँकेकडून मिळणारं आणि दारात येणारं, दोन्हींत एकूण किती परत करायचे ते शेजारी शेजारी लिहून दाखवा. मग तिचं ती ठरवेल. तुमचा बँकेचा माणूस एवढं करणार असेल तर बसवा खुशाल. आमच्याकडचा अंगठा घेऊन पैसे देतो, आणि पावती मागितली की म्हणतो, कागद संपलाय.